वाटेत सुटलेला पान्हा

कोल्हापुरात तालमीसमोरच्या दूधकट्ट्यावर चंद्री म्हैस येऊन उभी राहिली आणि पैलवान बाळासोचा पेला हातातच थांबला. तिच्या शेपटीखालून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला होता.

"कृष्णात, हे काय रं?"

म्हशीचा मालक कृष्णात वाकून बघू लागला. मग म्हणाला, "गौसचं काम. धार काढायच्या कामावरनं काढलं म्हणून डूख धरलाय त्यानं."

प्राणिरक्षा मंडळाचे वकील शमशुद्दीन शिकलगार आले, तोवर गौसला चौकीवर बसवलं होतं. ते बहात्तर साल. जखमा बघून बघून वकीलसाहेबांच्या मनाला घट्टा पडल्यासारखं झालेलं. आत काही हलत नसे. एवढंच कळत होतं, की गुन्हा घरातला निघाला तर म्हैस सरकारजमा होऊन पांजरपोळात जाणार. गौसचा निघाला तर ती संध्याकाळी याच गोठ्यात परतणार.

जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, "जखम आतली आहे. जुनीवर नवी."

वकीलसाहेबांनी कृष्णातला विचारलं, "गोठ्यात कोण जातं?"

"आई. मी कट्ट्यावर गिऱ्हाईक बघतो, आई म्हशीला घिऊन येती. रातच्याला कुलूप."

"किल्ली?"

"तिच्याच कंबरंला."

बाळासो मध्येच बोलला, "दूध मातुर झ्याक हाय, साहेब. रेडकू मेलं तरी आटली न्हाय. गोठ्यातनं येताना वाटंतच पान्हा सोडती. आन् डोळ्यांम्होरं काढल्यालं दूध, त्यात कसली लबाडी?"

चौकीवर गौस भिंतीला टेकून बसला होता.

"रेडकू मेल्यावर तू धार कशी काढायचास?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"त्याच्या कातड्यात भुसा भरल्याला, साहेब. म्होरं ठेवायचा. ती चाटत ऱ्हायाची, मग सोडायची. येळ लागायचा. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. मी म्हनायचो, थांबा की, आईच हाय ती. म्हणून तर काढलं मला."

कृष्णातच्या घरी म्हातारी चिमणाबाईनं चहा ठेवला. चुलीशी वाकून ती नुसत्या तोंडानंच फुंकर घालत होती. डोळ्यांत धूर गेला तरी ओवी चालूच होती:

चंद्री माझी लेक, तिच्या कपाळी चांदवा
तिच्या पायांनी गं दारी, रोज उजाडे पाडवा

वकीलसाहेबांना चहाची चव लागली नाही. अलीकडे कशाचीच लागत नसे. ते उठून गोठ्यात गेले. भुशाचं रेडकू माळ्यावर पडलं होतं, डोळ्यांच्या भोकांवर कोळ्याचं जाळं. कोनाड्यात वेळूची फुंकणी होती. तिचं एक टोक तेलानं माखलेलं.

त्यांनी गौसला बोलावून घेतलं. तो जवळ गेला तशी चंद्रीनं त्याचा हात हुंगला. कृष्णात जवळ गेला, तरी ती रवंथ करत राहिली. मग दारात बांगड्या वाजल्या. चंद्रीनं रवंथ थांबवला आणि मागचं अंग भिंतीला लावलं.

"मावशी, फुंकणी चुलीजवळची. ती गोठ्यात कशाला?"

चिमणाबाईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

वकीलसाहेब सावकाश बोलले, "भुशाच्या रेडकाला गौस गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. मग पान्हा वाटेत कसा सुटतो? या फुंकणीनं शेपटीखालून तिच्या अंगात वारा फुंकायचा. कळ उठते, धारा गळतात. कायद्यात या गुन्ह्याला फुंकाच म्हणतात. कुलपाआड हे रोज करायला किल्ली लागते, ती तुमच्या कमरेला आहे. डोळ्यांसमोर धार काढायची आपली रीत. सगळ्या कट्ट्यानं चरवी बघितली, गोठा कुणी बघितला नाही."

कृष्णात चिमणाबाईकडं वळला. "आई?"

"गिऱ्हाईक थांबत न्हवतं," चिमणाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता. "आन् ती रोज रेडकासाठी हंबरायची. फुंकलं की गप ऱ्हायाची. मला वाटलं, इसरली."

"विसरली नव्हती, मावशी. दुखत होतं."

चंद्रीला पांजरपोळाकडे न्यायला दावं सोडलं. गौसनं माळ्यावरचं रेडकू काढलं, जाळं पुसलं आणि काखेत घेऊन पुढं झाला. ती मागून चालू लागली.

चंद्री दारातून जाताना चिमणाबाईनं तिच्या कपाळाच्या चांदव्याला लावायला हात पुढं केला. चंद्रीनं मान वळवली. हात तसाच अधांतरी राहिला. ओवीची पहिली ओळ ओठांवर आली, दुसरी आलीच नाही.

कट्ट्यावर रिकामे पेले घेऊन गिऱ्हाईक अजून उभंच होतं.