सात तारखेची पावती

सहादेवचा पगार मला त्याच्या नावाआधी कळला. बेसिक किती, महागाई भत्ता किती, पीएफ किती कापला, सगळं. आणि माझा त्याला. बघण्याच्या कार्यक्रमात लोक ज्या गोष्टी आडून आडून काढून घेतात, त्या आमच्यात पहिल्या अर्ध्या तासातच उघड्या पडल्या, आणि त्यात दोष कुणाचा असलाच तर तो मीरा रोडच्या लाइटचा.

ब्याण्णव सालचा एप्रिल. शनिवार होता, ऑफिस अर्धा दिवस. बिल्डरकडून करारनामा घेऊन मी स्टेशनबाहेर सदूभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले. कर्जाच्या फाइलला लागणाऱ्या कागदांची यादी हातभर लांब. माझ्या शेजारी एकजण एकच कागद घेऊन उभा होता, तरीही त्याने मला आधी जाऊ दिलं. फिकट निळा शर्ट, खिशाला पेन. मशीन मध्येच थांबलं, लाइट गेले. वीस मिनिटं आम्ही तिघं पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. लाइट आल्यावर सदूभाऊंनी घाईघाईने गठ्ठे हातात कोंबले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पुलाच्या पायऱ्यांपाशी मी कागद मोजले. वरच पगाराची स्लिप. अकाउंट्सच्या माणसाची नजर आधी आकड्यांवर जाते, नावावर नंतर, त्यामुळे मला पहिल्यांदा दिसला तो मार्च महिन्याचा इन्कम टॅक्स. अर्धा पगार कापलेला! एवढा माझा नाहीच, म्हणून नाव वाचलं. सहादेव सकपाळ, गोरेगावची औषधाची कंपनी, पॅकिंग सुपरवायझर. मी मागे वळते तर तो समोरून पळत येत होता, हातात माझी स्लिप.

"तुमची माझ्याकडे आली," तो धापा टाकत म्हणाला. "मी... बघितली नाही."

"मी बघितली. वर्षभर एक पैशाची बचत दाखवली नाहीत ना? तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

तो आधी खाली बघून मग हसला. त्याची ती सवयच आहे, हसू आलं की आधी चपलांकडे बघायचं. "सांगणारं कुणी भेटलं नाही," तो म्हणाला.

आता असं कुणी म्हटलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत मी अकाउंट्सला होते, मार्च आला की अख्ख्या मजल्याचे टॅक्सचे कागद माझ्याच टेबलावर. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला पीपीएफ, बचतपत्रं, विमा, सगळं समजावलं. घराचं कर्ज घेतलं तर हप्त्यातल्या मुदलावर सूट मिळते, तेही सांगितलं. तो शहाण्या मुलासारखा मान डोलवत होता. चहा संपता संपता त्याने विचारलं, "आणि लग्न केलं तर?"

"त्याला काही सूट नाही," मी म्हणाले. "ते ज्याचं त्याने स्वतःच्या जोखमीवर करायचं."

पुन्हा चपलांकडे बघणं, मग हसू. लोकलमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही उगाचच हसतेय.

खरं तर तेव्हा मला हसण्यासारखं काही नव्हतं. बाबा पोर्ट ट्रस्टमधून नोव्हेंबरात रिटायर होणार होते आणि वडाळ्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. धाकटा भाऊ बंटी कॉलेजात. म्हणजे घर घ्यायचं तर कर्ज माझ्या नावावर, मी तेवीस वर्षांची. मीरा रोडला वन रूम किचन बुक केलं होतं, आईच्या, म्हणजे वैजयंताबाईंच्या, बांगड्या त्यात गेल्या होत्या. कर्ज मंजूर झालं, पण दोन जामीनदार हवेत, घराबाहेरचे आणि कायम नोकरीतले. एक सही ऑफिसातल्या सुगंधाताईंनी केली. दुसरी आईचे मामेभाऊ महिपतमामा करणार होते, म्युन्सिपाल्टीत होते ते. आणि आठ दिवस उरलेले असताना मामांनी निरोप पाठवला की मला दोन मुली उजवायच्यात, ही धोंड गळ्यात नको.

आई रडली. आठ दिवसांत सही नाही तर बिल्डर फ्लॅट दुसऱ्याला देणार आणि बयाण्याचे पैसे कधी परत करेल ते त्यालाच ठाऊक. रात्रभर मी ओळखीच्यांचे पगार मनात लावून बघितले, आणि पहाटे मला ती स्लिप आठवली. कर्ज नाही, पतपेढी नाही, कसलाच हप्ता नाही. इतकी स्वच्छ स्लिप मी आमच्या ऑफिसात बघितली नव्हती.

लाज गुंडाळून ठेवली आणि त्याच्या कंपनीत फोन लावला. तो त्याच टपरीवर आला. काशीगावात खोली घेऊन राहायचा, मीरा रोड हेच त्याचं स्टेशन. मी एका दमात सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला.

"तुम्ही हप्ता चुकवलात तर?" त्याने विचारलं.

"तर तुमच्या पगारातून कापतील."

"आणि पळून गेलात तर?"

"वन रूम किचन घेऊन कुठे पळणार?"

त्याने खिशाचं पेन काढलं. मीच घाबरले. म्हटलं, अहो, निदान वाचून तरी सही करा, पंधरा वर्षांचा मामला आहे. तर म्हणतो कसा, "तुमची स्लिप वाचलीय. त्या दिवशी खोटं बोललो होतो." आणि सही करून मोकळा.

ऑक्टोबरात आम्ही राहायला आलो. पाणी टँकरचं, रस्ता मातीचा, पण खिडकीतून मिठागरं दिसायची आणि दुपारी खारा वारा यायचा. आई दाराला हात लावून लावून बघायची. बुद्धवंदना झाली, खीर झाली, त्या दिवशी सहादेवही आला होता आणि सगळ्यांच्या चपला दाराबाहेर ओळीत लावत होता.

कुणी माझ्यासाठी जोखीम घेतली तर त्याला घोर लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला, भरलेल्या हप्त्याची पावती घेऊन, संध्याकाळी सदूभाऊंच्या दुकानासमोर. तो पावती बघायचा, म्हणजे बघितल्यासारखं करायचा, आणि मग चहा. तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला की दाखवायची काही गरज नाही. मी म्हटलं बरं, पुढच्या महिन्यापासून नाही येत. "नाही... नियम म्हणजे नियम," तो घाईने म्हणाला.

एकदा ऑगस्टात मी छत्रीसकट भिजले आणि पावतीचा लगदा व्हायची वेळ आली. त्याने ती दोन बोटांनी अलगद उचलली आणि सदूभाऊंच्या मशीनच्या गरम झाकणावर वाळत घातली. पावती वाळेपर्यंत आम्ही पत्र्याखाली उभे होतो. पावसाचा आवाज इतका की बोलता येत नव्हतं, आणि माझ्या ओल्या बाहीला त्याची कोरडी बाही लागत होती. पावती केव्हाच वाळली असणार. पण तो आत जाईना, मीही हलले नाही.

सरळच सांगते, मला तो आवडत होता. महिन्यात एकच सात तारीख असते याचा मला राग यायला लागला होता.

पण हा बाबा काही बोलेल तर शपथ. मी आडून सुचवावं, डोळ्यांत बघावं, याने चपलांकडे बघावं. वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. इकडे शेजारच्या विमलाबाईंनी आईला विचारलं की तो मुलगा कोण, आणि रात्री जेवताना बाबा सहज बोलून गेले की मुलगा चांगला आहे, आपल्यासाठी सही केलीय, त्याने मागणी घातली तर आपण नाही कसं म्हणणार. हातातला घास खाली ठेवला मी. म्हटलं, "मी काय तारण ठेवलेय का?" बाबा ओशाळले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

चौऱ्याण्णवच्या मार्चमधली सात तारीख. सहादेवने चहाला हात लावला नव्हता. चहा निवला तेव्हा म्हणाला की गावाहून आईचं पत्र आलंय, मे महिन्यात चिपळूणला एक मुलगी बघायला बोलावलंय.

"जाणार?" मी विचारलं.

"आईला काय सांगू?"

"सांगा की इकडे एक बघून ठेवलीय."

बोलून गेले आणि कान तापले माझे. त्याने मान वर केली. या वेळी चपलांकडे बघितलं नाही.

"राजश्री, तुमच्या आईबाबांचं घर माझ्या सहीवर उभं आहे. मी काही विचारलं... तर तुम्हाला मोकळेपणी नाही म्हणता येईल का? मनात आलंच तर?"

येईल, असं म्हणायचं होतं. पण बाबांचं वाक्य मध्ये येऊन बसलं. याला नाही म्हटलं आणि उद्या याने सही काढून घेतली तर? तो तसला नव्हता, मला माहीत होतं, पण भीती ती भीती. आणि मी हो म्हटलं असतं तरी लोक म्हणाले असते, सहीच्या बदल्यात पोरगी दिली. त्याला स्वतःलाही जन्मभर कुठेतरी तसंच वाटत राहिलं असतं. चहा तसाच टाकून मी घरी आले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

दुसऱ्या दिवशी कर्जाच्या ऑफिसात जाऊन विचारलं, जामीनदार बदलता येतो का. येतो म्हणाले. तेवढ्याच पगाराचा, कायम नोकरीतला, घराबाहेरचा दुसरा आणा. ऑफिसातल्या तिघांना विचारलं. एकाच्या बायकोला चालणार नव्हतं, एकाने स्वतःच घर बुक केलं होतं, तिसरा आजारी पडला तो मार्च संपेपर्यंत बराच झाला नाही.

राहिले महिपतमामा. एका रविवारी मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेले. रागावून गेले होते, खोटं कशाला बोलू. विनवणी केली नाही. दोऱ्यात ओवलेल्या एकवीस पावत्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. मामांनी चष्मा लावला आणि एकेक तारीख बघितली. एकही सातच्या पुढची नव्हती. मामी चहा घेऊन आल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

"तेव्हा मी भ्यालो होतो ग," मामा शेवटी म्हणाले. "मला वाटलेलं, पोरीची जात, वर्षभरात लग्न करून जाशील आणि मी अडकेन."

"आता लग्नासाठीच सही हवीय मामा," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामांनी सही केली. शिवाय वर पाच मिनिटं भाषण दिलं, ते मी ऐकून घेतलं.

सहादेवला मी स्वतः सांगणार होते, सात एप्रिलला. पण कर्जाच्या ऑफिसने कधी नव्हे ती तत्परता दाखवली आणि त्यांचं पत्र आधीच त्याच्या हातात पडलं. सात तारखेला मी पोचले तर तो सदूभाऊंच्या दुकानात त्या पत्राची झेरॉक्स काढत होता. प्रत्येक कागदाची एक कॉपी ठेवायची, हे मीच शिकवलेलं. चेहरा उतरलेला. मला बघून कसंनुसं हसला, चपलांकडे न बघताच.

"माझं नाव काढलंत," तो म्हणाला. "बरं केलंत. मी उगाच त्या दिवशी... तुम्हाला अवघड झालं असेल."

"महिपतमामांनी सही केलीय. आता माझं घर तुमच्या सहीवर नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, मी तुमचं काही देणं लागत नाही. आता विचारा."

सदूभाऊंनी नीट ऐकू यावं म्हणून मशीन बंद केलं, निर्लज्जासारखं.

"आत्ता? इथे?"

"मे महिना लांब नाही."

त्याने घडी घातलेलं पत्र खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "माझ्याशी लग्न... कराल?"

"नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्याने मान हलवली, पेन उगाचच चाचपलं. मग म्हणाला, "बरं. चहा घेऊन जा तरी. दमून आलात." आणि खरंच टपरीकडे वळला दोन चहा सांगायला. ना राग, ना एक शब्द सहीबद्दल, ना दोन वर्षांबद्दल. मला इतकं भरून आलं की हाक मारताना माझा आवाज चिरकला.

"अहो सकपाळ. बघितलंत ना, मला नाही म्हणता येतं?"

तो वळला.

"आता परत विचारा."

मध्ये एक शेअर रिक्षा येऊन थांबली, चार माणसं उतरली, दोन चढली. ती निघून जाईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि मला दिसलं की तो चपलांकडे बघतोय. मग रस्ता ओलांडून आला आणि त्याने परत विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"आता फिरवू नको हां बाय," सदूभाऊ आतून म्हणाले, "माजा धंदा खोटी व्हतंय."

पुढे यथावकाश कर्जही फिटलं, पण तेव्हासुद्धा मला त्या संध्याकाळइतकं मोकळं वाटलं नाही. टपरीवर चहा आला. आम्ही तो बाकड्यावर ठेवून निवू दिला. पर्समधली बाविसावी पावती त्या दिवशी दाखवायची राहूनच गेली.