सुटलेली गाठ

गिरणीच्या मैदानावरून उडालेला फुटबॉल थेट वच्छलाच्या अंबाडीच्या भाजीत पडला... आणि त्याच्यामागून कुंपणावरून उडी मारून आला सिदू.

"बॉल द्या की."

"आन् माजी भाजी कोण देणार?"

सिदूनं पातेल्यात डोकावलं. "मी खातो की. हाय तशी."

आणि पठ्ठ्यानं खरंच बोट बुडवून चाखली! वच्छलाला राग यायला हवा होता. तो कुठं गेला कोण जाणे.

सिदू वळसंगच्या माळावर मेंढरांमागं पळणारा. गिरणीच्या साहेबांनी त्याचं पळणं पाहिलं आणि थेट संघातच घेतलं. नावाला गोदामात हमाल, पगार मात्र चेंडू मारायचा. दर शनिवारी सामना. सगळे खेळायचे अनवाणी, घोट्याला कापडाची पट्टी बांधून. ती बांधायचे वच्छलाचे वडील हरिबा. मुरगळलेले हातपाय बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण संधिवातानं बोटं आखडली, तेव्हापासून ते शेजारी बसून सांगायचे आणि लेक बांधायची.

वच्छला गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. तुटलेला धागा ती असा जोडायची की सूत पुन्हा तुटेल, पण तिची गाठ सुटायची नाही. सिदूच्या घोट्यावरही तीच गाठ.

"लई घट झाली..."

"सैल करू?"

"न्हाय न्हाय! ऱ्हाऊ द्या तशीच."

हरिबा खोकायचे. वच्छला मान खाली घालायची — आणि मग सहा दिवस पुढच्या शनिवारची वाट बघायची.

दिवाळीआधी बातमी आली. मुंबईच्या एका गिरणीचे साहेब सामना बघायला येणार. सिदू पसंत पडला तर घेऊनच जाणार. सगळी चाळ हरखली. वच्छलाला मात्र जा म्हणवेना, आणि राहा म्हणायला ती कोण?

सामन्याच्या दिवशी तिनं पट्टी गुंडाळली... आणि जन्मात पहिल्यांदा साधी सुरगाठ मारली.

दहा मिनिटांत पट्टी सुटली. तिच्यातच पाय अडकून सिदू तोंडावर आपटला. लोक खो खो हसले, मुंबईचे साहेब घड्याळ बघू लागले. सिदू उठून बसला आणि वच्छलाकडे बघतच राहिला. ते बघणं तिला सोसलं नाही. पदर खोचून ती धावली, जिथं आजवर एकाही बाईनं पाऊल टाकलं नव्हतं त्या मैदानात! गुडघे टेकले, पट्टी आवळली. डोळे भरून आले होते, म्हणून गाठ बोटांनीच चाचपून पाहिली.

"जावा," ती म्हणाली. "खेळा."

सिदूनं दोन गोल मारले.

स्टेशनवर निरोपाला सगळा संघ लोटला होता. वच्छला वडिलांच्या मागं उभी. सिदू समोर आला, तेव्हा हरिबांना नेमकी चहाची तलफ आली.

"तुमची गाठ कदी सुटत न्हाय," सिदू हळूच म्हणाला. "मग त्या दिशी कशी सुटली?"

"मीच तशी मारली व्हती... तुमी जाऊ नये म्हून. चुकलं माजं."

"चुकलं? अगं, पडलो तवाच तर कळलं, मी कुणाला तरी हवा हाय. त्याच जोरावर दोन गोल मारले की!" त्यानं पाय ट्रंकेवर ठेवला आणि खिशातून पट्टी काढली. "बांद. पक्की."

"गाडीत बसायला पट्टी?"

"चैतात येतो, तुज्या बाबाकडं मागणं घालायला. तवर ही सोडायची न्हाय. तूच सोड."

"पाच म्हयनं आंगूळ न्हाय व्हय?"

"करीन की... पट्टीसकट."

ती हसली, रडली आणि पट्टी बांधली. शिट्टी झाली, गाडी गेली. रिकाम्या रुळांकडे ती किती वेळ बघत राहिली, ते हरिबांनाच ठाऊक.

मुंबईचे गडी म्हणे बूट घालून खेळतात. गिरणीत तिच्याच खात्यात काम करणाऱ्या गोजाबाईनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितलं. वच्छलानं तुटलेला धागा जोडला.

"घालू द्या की," ती म्हणाली. "बुटाच्या आत गाठ माजीच हाय."