सहाव्या रांगेतला ठोका

“पडली! ताई पडली!”

भोंग्याची आरोळी अख्ख्या मैदानावर घुमली. टिटवीने हातातली टोपली टाकली आणि कठड्याकडे धाव घेतली. शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धेत टिटवी, भोंगा आणि वाटाणा या तिघांना सुट्टीचं काम मिळालं होतं: धावपटूंनी उतरवलेले कपडे टोपल्यांत भरून शेवटच्या रेषेपाशी न्यायचे.

टिटवीची थोरली बहीण गुडघा चोळत उठली. तिचे प्रशिक्षक कमरेवर हात ठेवून उभे होते.

“पुन्हा सहाव्याच अडथळ्याला! घाबरलीयेस तू.”

“सर, पावलं अगदी बरोबर पडत होती...”

“बरोबर पडत होती, म्हणून तोंडावर पडलीस? दुपारी नावं पक्की करायची आहेत. संध्याकाळच्या उपांत्य फेरीत राखीव मुलगी धावेल.”

ताई गुडघा धरून बाजूला झाली. टिटवी मात्र त्या सहाव्या अडथळ्याकडे बघत राहिली. किती वर्षं ती ताईचा सराव ऐकत आली होती! टप-टप-टप-हुप्प! टप-टप-टप-हुप्प! दोन अडथळ्यांमधली तीन पावलं आणि उडी. ती चाल तिला झोपेतही पाठ होती. आज सहाव्यापाशी काय ऐकू आलं? टप-टप-ट... धाड!

“ठोका चुकला,” ती पुटपुटली, “पण ताईचा नाही.”

“मग कुणाचा? अडथळ्याचा?” भोंगा हसला.

वाटाणा मात्र हसला नाही. बिस्कीट चघळत त्याने पलीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे शेजारच्या देशाची एक वेणीवाली धावपटू गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. “तीही सहाव्यालाच अडखळली. मी पाहिलं.”

“खाता खाता?”

“खाताना डोळे मिटत नाही मी!”

तिघांनी मैदानप्रमुखांना गाठलं. त्यांच्या एका कानाला फोन होता, दुसरा हातात वाजत होता.

“अडथळे मी स्वतः लावून घेतलेत!”

“मोजून?” टिटवीने विचारलं.

“पिवळ्या खुणांवर! खुणा मोजूनच रंगवलेल्या असतात. तुम्ही टोपल्या उचला, डोकी चालवू नका. धावपट्टीवर पाऊल टाकलंत तर घरी पाठवीन!”

“पाऊल नाही ना टाकायचं?” वाटाणा हळूच म्हणाला. “बरं.”

तो कडेच्या गवतात पालथा पडला आणि सरपटत निघाला. प्रत्येक रांगेपाशी पट्टीच्या काठावर एक फिकट पिवळी खूण होती. सहाव्या रांगेपाशी मात्र ती लखलखत होती. वाटाण्याने नख लावलं. खुणेचं टोक उचकटलं!

“रंग नाहीये हा! चिकटपट्टी आहे!”

“अरे, उद्घाटनाला झेंडेवाले उभे होते ना!” भोंग्याने कपाळावर हात मारला. “त्यांच्या जागेच्या पट्ट्या! बाकीच्या काढल्या, ही राहिली!”

खरी खूण एक वीत पुढे होती, उन्हाने जवळजवळ पुसलेली. म्हणजे सगळी रांगच वीतभर अलीकडे! भरधाव येणाऱ्या पायांना ती वीत कुठून दिसणार?

“काढू नकोस!” टिटवी ओरडली. “पुरावा आहे तो!”

पण दाखवणार कुणाला? मैदानप्रमुख ऐकत नव्हते. सर तर नाव बदलायला कार्यालयाकडे निघालेसुद्धा होते. टिटवी वेणीवालीकडे पळाली. तिची भाषा हिला येईना, हिची तिला. मग टिटवीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टप-टप-टप, उडी! टप-टप-टप, उडी! सहाव्या वेळी तिने टाळी अर्ध्यावरच तोडली आणि रांगेकडे बोट केलं.

वेणीवालीचे डोळे विस्फारले. तिने तीच टाळी वाजवली आणि तिथेच तोडली! दुसऱ्या क्षणी तिने आपल्या प्रशिक्षकांना बाहीला धरून उठवलं.

“भोंग्या, तुझं काम!”

भोंगा कार्यालयाच्या दारात पोहोचला आणि छाती भरून ओरडला, “सर! शेजारचे प्रशिक्षक आपली धावपट्टी तपासताहेत!”

सर हातातल्या पेनासकट बाहेर धावले. मागोमाग दोन्ही फोन सांभाळत मैदानप्रमुख. नाइलाजाने त्यांनी मोजायची फीत मागवली. सहाव्या रांगेपाशी अंतर वीतभर कमी भरलं आणि मैदानप्रमुख चिकटपट्टीवर वाकले.

“ही... ही पट्टी कुणी लावली?”

“झेंडेवाल्यांसाठी, साहेब,” वाटाणा म्हणाला. “तुम्हीच लावून घेतली असणार. स्वतः!”

रांग खऱ्या खुणेवर सरकली, तसं सरांनी पेन खिशात ठेवलं. “पोरी,” ते ताईला म्हणाले, “चूक माझी झाली. धाव तू.”

संध्याकाळी बंदुकीचा बार झाला, तेव्हा टिटवीने डोळे घट्ट मिटले. टप-टप-टप-हुप्प! चौथा. पाचवा. टप-टप-टप...

हुप्प!

डोळे उघडले, तेव्हा ताई आणि वेणीवाली जवळजवळ एकदमच शेवटची रेषा ओलांडत होत्या. दोघी अंतिम फेरीत! वेणीवालीने कठड्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या: टप-टप-टप, उडी!

मैदानप्रमुख टोपल्यांपाशी आले. दोन्ही फोन बंद होते.

“शाब्बास रे पोरांनो! लाज राखलीत माझी. उद्या अंतिम फेरी. वेळेवर या.”

“टोपल्या उचलायला ना?” टिटवीने विचारलं.

“हो. आणि येताना डोकी घेऊन या!”