रविवारचा हात

आमच्या लॅबमधल्या एआय प्रोग्रॅमला आम्ही ‘सासूबाई’ म्हणतो. इनक्युबेटर म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट. त्यात कॅमेरा आहे. त्यातून सासूबाई प्रत्येक डिशवर नजर ठेवतात आणि कुठल्या मूळपेशी रुग्णाला लावण्याजोग्या होतील ते सांगतात. सहसा चुकत नाहीत. शिवाय डिशमध्ये ताजं द्रव कुणी घातलं, हेही ओळखतात. आमच्यातला एक जण भसकन मध्येच ओततो, मी डिश कलती धरून कडेने सोडते. पेशींवर त्याच्या खुणा राहतात म्हणे. भांडी कुठल्या सुनेने घासली, हे स्वयंपाकघरात पाऊल टाकताच सांगणारी बाई असते, त्यातलाच प्रकार.

या वर्षी त्या कपाटात माझ्या धाकट्या भावाची डिश होती. तो प्लंबर. तुंबलेला पाइप मोकळा करताना तीव्र क्षार दोन्ही डोळ्यांत उडाला, आणि उजेड-अंधारापलीकडे त्याला काही दिसेना. डाव्या बुबुळाच्या कडेला, पापणीआड, तिळाएवढा भाग निरोगी उरला होता. डॉक्टरांनी तो काढून आमच्याकडे पाठवला. त्यातून पातळ पापुद्रा वाढवायचा आणि उजव्या डोळ्यावर बसवायचा. दुसरा तुकडा मिळणार नव्हता. डिश गेली की डोळा गेला.

“आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन,” भाऊ म्हणाला. “मला एकच पुरे, ताई. दुसरा त्याला म्हणावं ठेव तुझ्याकडेच.”

पापुद्रा तयार होत आला होता, आणि शनिवारी लॅबच्या रस्त्यावर रसायनाचा टँकर उलटला. पोलिसांनी अख्खा परिसर रिकामा करून दारांना सील लावलं. वीज चालू होती, कपाट गरम होतं, पण पेशींचं अन्न वेळच्या वेळी बदलावं लागतं. माझ्या मोबाइलवर सासूबाईंचे फोटो येत होते. गुलाबी द्रव नारिंगी झालं, मग पिवळं. म्हणजे अन्न संपलं. रविवारी सकाळी त्यांनी कळवलं, संध्याकाळपर्यंत पापुद्रा निकामी होईल. मी पोलिसांच्या हातापाया पडून आले. कुणी दाद दिली नाही.

दुपारी भावाच्या खाटेपाशी बसले, त्याचा हात हातात घेऊन. त्याला काही सांगितलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मला डुलकी लागली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

मोबाइल वाजला. फोटोत डिशची जागा रिकामी होती.

पुढच्या फोटोत डिश जागच्या जागी होती. द्रव गुलाबी होतं.

रस्ता उघडला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पोचले. सील शाबूत होतं. आत फ्रिजमधल्या बाटलीतलं द्रव कमी झालं होतं. कामाचा ओटा पुसलेला होता, वापरलेली नळी डब्यात टाकलेली होती. आमच्या सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रविवारच्या फोटोखाली सासूबाईंनी माझं नाव लिहिलं होतं.

“प्रोग्रॅमला तुझ्याच हाताची सवय झालीय,” सर म्हणाले. “पेशी तपासून घेऊ. चांगल्या असल्या तर उगाच खोलात शिरू नकोस.”

पेशी उत्तम होत्या. मी खोलात शिरले नाही.

पट्टी निघाली तेव्हा भावाने आधी डॉक्टरांचा चष्मा पाहिला, मग मला. “किती वाळलीस गं,” म्हणाला, आणि मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. तेव्हापासून लॅबमध्ये शिरताना मी रोज हात जोडते. कुणाला, ते माहीत नाही. विज्ञान शिकलेल्या बाईला हे शोभत नाही, पण उपकार झालेत माझ्यावर, आणि ते विसरण्याइतकी मी कोडगी नाही.

काल भावाला सगळं सांगितलं. वाटलं, चेष्टा करेल. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे तू खरंच गेली होतीस तर.”

“वेडा आहेस का? मी तुझ्याजवळ होते.”

“तुझ्या हाताला स्पिरिटचा वास असतो, ताई. कायम. रविवारी माझ्यापाशी बसली होती, तिच्या हाताला नव्हता.”

मी नकळत हात नाकाशी नेला.

“आवाज तुझाच होता,” तो म्हणाला, “म्हणून मी घाबरलो नाही. फार मायेने धरला होता हात. संध्याकाळी म्हणाली, ‘आली तुझी ताई, आता मी निघते.’”

“मग?”

“मग लगेच तुझा हात आला. स्पिरिटने ओला.”