वाढते बूट, उतरती वाट

'मुलांचे पाय वाढतात, आमचे बूटही!'

गडपाऊल कंपनीच्या प्रयोगशाळेच्या दारावरची ही पाटी वाचून शलाका बोरावकेने तिला मनातल्या मनात सणसणीत चापट मारली आणि चेहऱ्यावर गोड हसू आणत ती आत शिरली. दहावीतली हुशार मुलगी सुट्टीतल्या प्रशिक्षणाला आलीय, असं सगळ्यांना वाटत होतं. वाटू दे! शलाका आली होती सूड घ्यायला.

गेल्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ ओजस शाळेच्या सहलीत रोहिडा किल्ला उतरताना गडगडत खाली आला होता. पायात हेच वाढते बूट. घोट्यात धातूची पट्टी बसवावी लागली. आणि कंपनीचे प्रमुख डॉ. सुधन्वा पेठकर टीव्हीवर हसत म्हणाले होते, "काही मुलं नाडीच बांधत नाहीत हो! त्याला बूट काय करणार?"

झालं. वर्गात ओजसचं नाव 'नाडी' पडलं. शाळेच्या गिर्यारोहण गटातून त्याला काढलं. तेही शलाकाने एकवेळ गिळलं असतं. पण जो मुलगा नाडीला दोन-दोन गाठी मारल्याशिवाय उंबरठा ओलांडत नव्हता, तो एक दिवस हळूच म्हणाला, "ताई, मीच नीट बांधली नसेल गं." त्या वाक्याने तिच्या डोक्यात जी आग लागली, ती अजून विझली नव्हती.

"ये बाळा, आत ये," डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या. हे वर्धिष्णू चामडं त्यांनीच शोधलं होतं. त्यांनी एक छोटा बूट उभा कापून तिच्यापुढे धरला. "हे टोकाशी आणि टाचेशी ठिपके दिसतायत ना, ते स्पर्शकण. कुठे किती दाब पडतो, ते संगणकावर उमटतं. मुलाचा पाय वाढला की अंगठा टोकाला टेकतो. टेकून राहिला की कण चामड्याला निरोप देतात. मग आत गुंडाळलेले धागे उलगडतात आणि बूट लांब होतो."

"आणि परत लहान?"

"उलगडलेला धागा परत गुंडाळत नाही. मुलांचे पाय तरी कुठे आखूड होतात?"

"पण अंगठा किती वेळ टेकायला लागतो?"

मुजावर मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "मी ठेवला होता आठवडा. सरांनी तो काही मिनिटांवर आणला."

"अहो मॅडम, परत तेच?" मागून आवाज आला. साक्षात पेठकर! पांढराशुभ्र अंगरखा, दातही तसेच. "दुकानात आईबापांच्या डोळ्यांदेखत बूट वाढला पाहिजे. आठवडाभर कोण ताटकळत बसणार?"

"मला घाई पटलेली नाही, सर."

"चाचण्यांत काही निघालं का? नाही ना? मग!" ते शलाकाकडे वळले. "आपल्या लोकांना वाढत्या अंगाचं घ्यायची भारी खोड. फ्रॉक वाढत्या अंगाचा, गणवेश वाढत्या अंगाचा! मला ती खोड मोडायचीय. मापयंत्र सांगेल तोच नंबर घ्यायचा. बेताचा, पायाला बिलगणारा. काय?"

"हो सर," शलाका म्हणाली. तिच्या आईनेही असंच 'हो' म्हणून यंत्राने सांगितलेला नंबर घेतला होता.

चाचण्या व्हायच्या त्या चालपट्ट्यावर. हा फिरता पट्टा सपाट ठेवायचा, नाहीतर चढता.

"उतरता नाही करत?" शलाकाने विचारलं.

"चढताना दम किती लागतो, ते मोजतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "उतरताना कुणाला दम लागतो?"

शलाका घरी आली ती विचार करतच. खरं कोडं होतं चुलत बहिणीचं. सानिकाच्या पायातही हेच बूट होते, सहलही तीच होती. आणि ती उड्या मारत खाली आली होती!

वरच्या मजल्यावर काकू भाजी निवडत बसली होती.

"सानिकाचा नंबर यंत्राने सांगितला तोच घेतलास ना, काकू?"

"इश्श! यंत्राला काय कळतंय? वाढत्या अंगाची पोर. एक नंबर मोठाच घेतला मी. दोन मोजे चढवायचे आणि घोट्याशी नाडी करकचून आवळायची."

"अगं, पण ते बूट आपोआप वाढतात!"

"वाढू देत की. आणखी एक वर्ष जातील!"

शलाका दारातले आपले बूट चढवून हसत जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर तिचं हसू थांबलं. दुसऱ्यावर तीच थांबली. दर पायरीला तिचा अंगठा बुटाच्या टोकावर दाबला जात होता. पाय वाढला नव्हता. ती फक्त उतरत होती.

पण बुटाला हे कसं कळणार? त्याला कळतो तो दाब. किल्ला उतरायला लागलं, की बुटाला वाटणार, अरे, पोरगं वाढलं! तो सैल होणार. पाय आणखी पुढे सरकणार, अंगठा पुन्हा टेकणार, बूट पुन्हा वाढणार. अर्ध्या वाटेत ओजसच्या पायात बाबांच्या मापाचे बूट! नंतर ते मोठे दिसले तरी कुणाला नवल वाटणार, वाढतेच बूट ते! आणि सानिका? तिचा अंगठा टोकापर्यंत पोचलाच नव्हता.

हे बूट घालून पडलेल्या आणखी काही मुलांच्या बातम्या आल्या होत्या; तिने त्यांच्या घरी फोन लावले. सगळीकडून एकच उत्तर आलं: यंत्राने सांगितला तोच नंबर. ज्यांनी कंपनीचं ऐकलं त्यांची मुलं पडली. ज्यांनी खोड सोडली नाही त्यांची वाचली, आणि अशा आया इतक्या होत्या की पडलेली मुलं मूठभरच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तिने हे सांगितलं, तेव्हा मुजावर मॅडम खुर्चीत मटकन बसल्या. "बूट बाजारातून काढावेच लागतील," त्या म्हणाल्या. "पण पेठकर सुटतील, पोरी. म्हणतील, नवा शोध होता, आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं."

"मला ते सुटायला नकोयत. मला ते पडायला हवेत. सगळ्यांसमोर!"

मॅडमनी तिला ओरडायला हवं होतं. त्यांनी चष्मा पुसला. "शनिवारी मोठ्यांच्या बुटांचं प्रात्यक्षिक आहे. पालकांनी घालून बघावेत म्हणून. चामडं तेच." मग चष्मा चढवून, "खाली गादी मात्र टाकायची हं."

शनिवारी दालन पालकांनी आणि पत्रकारांनी खच्चून भरलं. पहिल्या रांगेत ओजस बसला होता, शेजारी त्याची काठी.

"सर!" शलाकाने खणखणीत आवाजात विचारलं. "मापयंत्राने सांगितलेला नंबर घालून तुम्ही स्वतःच चालून दाखवा ना! गड उतरल्यासारखं!" आणि तिने चालपट्टा पुढच्या बाजूला कलवला.

पेठकरांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. कॅमेरे वळले होते. नाही कसं म्हणणार? यंत्राने सांगितलेल्या नंबरचे बूट घालून दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या त्या उतारावर ते चढले आणि चालू लागले.

शलाका वाट बघत राहिली. आता बूट वाढेल. आता घसरतील. आता!

पेठकर चालतच राहिले. मिनिटांमागून मिनिटं गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा तर्कच चुकला होता का? मग ओजस...?

"काय चालतायत हे!" ओजस पुटपुटला. "फेंगडे!"

तिने नीट बघितलं. पेठकर अंग मागे टाकून टाचांवर चालत होते आणि बुटांचा पुढचा भाग चुरगळल्यासारखा वर उचलला होता. तिने धावत जाऊन स्पर्शकणांचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर लावला. पाऊलखुणा उमटल्या. टाचा लालभडक. टोकं काळीकुट्ट. सरांचा अंगठा एकदाही, एकदासुद्धा, टोकाला टेकला नव्हता.

"सर, तुम्ही बोटं का आखडून धरलीयत?"

टाळ्या विरल्या.

"उतारावर... जरा जपून चालावं लागतं," पेठकर धापा टाकत म्हणाले.

"कशाला जपून?"

मुजावर मॅडम उठून उभ्या राहिल्या. "हे चामडं मी शोधलंय, सर. उतारावर अंगठा टेकू द्यायचा नाही, हे मला या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

पेठकरांनी नजर कॅमेऱ्यांवरून वळवून फिरत्या पट्ट्यावर लावली. शलाकाला एकदम हसूच फुटलं. हे पडले असते तर सुटले असते! लोकांनी धावत जाऊन उचललं असतं, पाणी पाजलं असतं, बिचाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणाले असते. ते पडले नाहीत, आणि त्यातच सापडले.

"पट्टा बंद कर," पेठकर म्हणाले. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

शलाका पट्ट्याच्या बटणापाशी गेली. त्याच्यावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"करते ना, सर. आधी माझ्या भावाला सांगा, त्याची नाडी बांधलेली होती."

पेठकर ओठ आवळून चालत राहिले. शलाकाने घाई केली नाही. बोटं किती वेळ आखडून राहतात, ते तिला बघायचं होतं.