जागची न हलणारी सावली

चित्रकलेच्या वर्गाच्या दारात दोघं एकदमच पोचले. दोघंही पावसानं भिजलेले, आणि आत पाऊल टाकायला दोघांचाही धीर होत नव्हता.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नको, तुम्हीच. मला साधं केळंसुद्धा धड काढता येत नाही."

चौतिसाव्या वर्षी माणसांचे चेहरे काढायला शिकायचं हे खूळ कुठून शिरलं डोक्यात, असं तिला आईनं सकाळीच विचारलं होतं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. दिवसाला तीस-चाळीस चेहरे वीतभर अंतरावरून बघायचे, आणि संध्याकाळी एकही आठवू नये, याचं तिला अलीकडे नवल वाटू लागलं होतं. एवढंच कारण होतं, पण आईला ते सांगून पटलं नसतं.

वर्गातल्या बाईंची पद्धत वेगळीच होती. जोड्या लावायच्या, समोरासमोर बसायचं, आठ रविवार एकमेकांचाच चेहरा काढायचा. आणि शेवटच्या रविवारपर्यंत आपला कागद समोरच्याला दाखवायचा नाही. तिच्या वाट्याला दारातलाच तो आला. पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. बसता बसता ती गमतीनं म्हणून गेली, "दिवसभर चष्मेवाली तोंडं बघते हो मी. बिनचष्म्याचा चेहरा मिळाला, नशीब माझं." तो हसला आणि त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, जांभळट जन्मखूण होती. लोकांची नजर पहिल्यांदा तिथं जाते, मग चटका बसल्यासारखी दुसरीकडे पळते, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. नजरा ओळखणं तर तिचा धंदाच. या माणसाची नजर मात्र कुठंच अडखळत नव्हती. कपाळ, नाक, गाल, हनुवटी... सगळीकडून ती सारख्याच सावकाशीनं फिरायची. असं कुणी आजवर बघितलं नव्हतं तिच्याकडे. तिसऱ्या रविवारी ती आरशासमोर पाच मिनिटं जास्त रेंगाळली आणि स्वतःवरच वैतागली.

"हलू नका," ती त्याला बजावायची.

"तुम्ही हसवू नका, मग नाही हलणार."

बाई सगळ्यांना डोळे किलकिले करून बघायला सांगत. बारकावे विसरा, उजेड आणि सावली तेवढी पकडा, म्हणत. वर्गातले दहाही जण मग ऊन लागल्यासारखे डोळे बारीक करून बसत. बाई बाइंडरची तोंड भरून स्तुती करत. गालावरची सावली त्याला चांगली जमली होती म्हणे. तिच्या कागदापाशी आल्या की सुस्कारा सोडत. तिनं दोन बुबुळांतलं अंतर नजरेनंच मिलिमीटरपर्यंत अचूक धरलं होतं, पण कागदावरचा माणूस ओळखपत्रावरच्या फोटोसारखा ताठ दिसत होता. "तू मोजतेस गं," बाई म्हणाल्या, "बघत नाहीस." ती मात्र मनात भलत्याच गोष्टीला धरून बसली होती. त्याच्या कागदावर आपण कशा असू? तो कागद उलटा ठेवायचा आणि तिला रात्री झोप लागायची नाही.

सातव्या रविवारनंतरच्या गुरुवारी तो दुकानात आला. तिच्या दुकानात... जाड भिंगांचा चष्मा लावून!

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नजर डाव्या गालावर गेली आणि पटकन मागच्या फ्रेमांकडे वळली. मग मालककाकांना म्हणाला, पातळ भिंगांचा नवा चष्मा हवाय, रविवारपर्यंत मिळेल का?

ओळखसुद्धा दाखवू नये? सात रविवार दाखवलेली ती सावकाश नजर काय नाटक होतं? काकांनी खूण केल्यावर तिनं यंत्रवत त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि मुकाट्यानं त्याचा चष्मा काढून घेतला.

त्यानं डोळे किलकिले केले. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अहो... तुम्ही?"

हातातल्या चष्म्याचं वजन तिला आत्ता जाणवलं. सहा नंबर तरी असावा. लोकांचे डोळे तपासून पोट भरणाऱ्या बाईला सात रविवार समोरचा माणूस आंधळी कोशिंबीर खेळतोय, हे कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"पहिल्या दिवशी भिजला म्हणून खिशात ठेवला होता," तो ओशाळून म्हणाला. "मग तुम्ही ते बिनचष्म्याचं बोललात. परत लावायचा धीरच झाला नाही. शेवटच्या रविवारी नवा लावून खरं सांगणार होतो. तुम्हाला कळू नये म्हणून मुद्दाम लांबच्या दुकानात आलो, तर..."

"तर नेमके माझ्याच पुढ्यात." तिला हसू येत होतं आणि रडूही. म्हणजे यानं मला पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते मघाशी, दारातून आत येताना, आणि तेव्हा नजर पळालीच. उरलेली तपासणी काकांवर सोपवून मागच्या खोलीत जाता आलं असतं. ती गेली नाही. तपासणीची गोल फ्रेम तिनं त्याच्या नाकावर बसवली आणि पहिलं भिंग घातलं.

"समोरच्या अक्षरांकडे बघा."

तो तिच्याकडेच बघत होता.

"हे बरं," तिनं भिंग बदलत विचारलं, "की हे?"

"हे."

आणखी एक. त्याची नजर टाळायला ती खालच्या पेटीतली भिंगं चाचपत राहिली. "की हे?"

तिनं मान वर केली. त्याची नजर तिच्या डाव्या गालावर होती आणि तिथून पळत नव्हती.

"मघाशी मी नजर काढून घेतली," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"सगळेच काढतात."

"मला ही खिडकीची सावली वाटायची. सात रविवार तिच्यावरच खपलो. ऊन सरकायचं, सगळ्यांच्या सावल्या सरकायच्या, तुमची जागची हलायची नाही. का हलत नाही, या विचारानं आठवडा जायचा माझा. आणि आठवडाभर फक्त सावलीचाच विचार येत होता, असंही नाही."

तिच्या हातातलं भिंग पेटीत पडलं. "मग आता कळलं," ती हळूच म्हणाली, "का ते."

"कळलं. चित्र चुकलंय माझं. परत पहिल्यापासून काढावं लागेल, चष्मा लावून."

"आणखी आठ रविवार?"

"आठांत संपेल असं वाटत नाही. बसाल?"

तिला आतून इतकं हलकं वाटलं की क्षणभर नंबर लिहायचा कागदच सापडेना. मग तिनं दोन्ही हातांनी त्याच्या नाकावरची फ्रेम सरळ केली आणि हात तसेच राहू दिले.

"बसेन," ती म्हणाली. "आता हलू नका."