खुशालरावांच्या वखारीतली आग

अमरावतीत खुशालरावांची कापसाची वखार जळाली आणि ऊन वर यायच्या आत त्यांनी गुन्हेगारही शोधला. तपासाला आलेल्या फौजदार वामनरावांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं खुशालरावांचं मत.

"हे पाहा मैनाबाई. चरखीवर कापसातली सरकी काढे. अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, म्हणून चरखीवाल्या साऱ्या बाया कमी केल्या. सरकी काढाचं विलायती यंत्र आणलं. तवापासून मले शिव्या देऊन राहिली. हिनंच आग लावली!"

मैनाबाईचे हात दोरीने बांधले होते. गुन्हा शाबीत झाला तर काळं पाणी.

"शिव्या दिल्यास?" वामनरावांनी विचारलं.

"देल्ल्या. पण आग काहून लावू? काम त इथंच मांगायचं होतं मले."

वामनराव यंत्रापाशी गेले. त्याला जाड हार घातला होता. मालकाच्या गळ्यातही तसलाच शोभला असता. त्यांनी यंत्राच्या दातांवरून बोट फिरवलं. बोटाला कापसाचा तंतूसुद्धा लागला नाही.

"रोज चालतं?"

"रोज!"

"मग सरकीचा ढीग कुठं आहे?"

"बैलायनं खाल्ली."

"सगळी?"

"लय बैल हायेत आपले."

वामनरावांनी जळक्या गाठी काठीने उकरल्या. आतून काळे दाणे घरंगळले. आणखी उकरल्या, आणखी दाणे.

"गाठी कशाच्या होत्या?"

"साफ, सरकी काढलेल्या रुईच्या. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस आज तपासाले येनार होता."

"म्हणूनच काल जळाल्या," वामनराव म्हणाले. "साफ रुईत सरकी कशी? तुमचं यंत्र एक दिवसही चाललं नाही, खुशालराव. ते नुसतं दाखवायला आणलंत. बायकांची मजुरी वाचवलीत, सरकीसकट कापूस दाबून गाठी बांधल्यात आणि वरून चांगली रुई लावलीत. वजनही वाढलं. आज गाठी फोडल्या असत्या तर चोरी उघडी पडली असती. म्हणून स्वतःच्या हाताने काडी लावलीत आणि जिचं काम खाल्लंत, तिच्याच माथी आळ मारलात. इतका नीच माणूस मी पाहिला नाही, आणि मी चोरांमध्येच वावरतो."

दोरी मैनाबाईच्या हातांवरून खुशालरावांच्या हातांवर गेली, तसे ते गयावया करू लागले.

"बाजारातून नका नेऊ, साहेब. इज्जतीचा सवाल हाय."

"मले बाजारातूनच आणलं होतं," मैनाबाई म्हणाली.

वामनरावांनी शिपायांना बाजाराची वाट दाखवली.